तांबडे मणी, पांढरे मणी

“‘नाही’ हा शब्द वहाणांसारखा उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा, पोरी. आणि मगच आत पाऊल टाकायचं.”

मुरेवा गावच्या आत्याचा हा आवाज सेकेसाईच्या कानात इतकी वर्षं मुरला होता, की तो कधीकाळी बाहेरून आला होता हेच ती विसरून गेली होती. गोल झोपडीतला चुलीचा धूर, भिजवलेल्या नाचणीचा आंबूस वास, आणि त्या अर्धवट अंधारात आत्याच्या बोटांवरून घसरणारे मणी. पांढरा, निळा, पुन्हा पांढरा. आत्या तिच्या उघड्या कमरेभोवती माळ बांधत होती. गाठ मारून झाल्यावर उरलेला दोरा तोडायला ती वाकली, दात लावले, आणि तिचा ऊन श्वास पोटाला लागून सेकेसाईला खुदकन हसू आलं. “हस, हस,” आत्या म्हणाली, “ही गाठ मी मारलीय. तू मेलीस तरी सुटायची नाही.”

ती गाठ आज भर दुपारी शहरातल्या म्बारेच्या बाजारात सुटली. सेकेसाई मणी विकणारीच्या चटईपुढं वाकली होती. उद्यासाठी, भाचीसाठी नवे मणी निवडत होती. ऑक्टोबरचं ऊन डांबरातून वर येत होतं. कुठं काही ओढलं गेलं नाही, कुणाचा धक्का लागला नाही. पोटाखाली काहीतरी सैल झालं एवढंच. मग गारगार किड्यांची रांग उतरावी तसे मणी मांडीवरून, गुडघ्यावरून, पोटरीवरून घरंगळले आणि टपटप रस्त्यावर पडले. तिनं दोन्ही पाय आवळून घेतले. थांबले नाहीत.

“अगं बाई! मावशींचा खजिना फुटला!” शेजारची टोमॅटोवाली ओरडली.

“गप गं, पुरुष बघतायत,” मणीवाली म्हणाली आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसली. “ए, तिकडं तोंड करा रे! बस सुटली तुमची! मावशी, हलू नका, तुमच्या पायाखाली आहेत. काकांना सांगा, माझ्याकडून नवा दोरा फुकट. रात्री चाचपताना एखादा कमी भरला तर मला बोल लावायचा नाही!”

सगळ्या हसल्या. सेकेसाईही हसली, ओढणीसारखा कापडाचा पदर पुढं धरून. काका मातीखाली आहेत हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावर माळ काढायची असते. पण ती काढायला सांगायचं ते आत्यानं, आणि आत्यानं सांगितलं नव्हतं, म्हणून राहिली होती. टोमॅटोवालीनं गोळा केलेले मणी तिच्या ओंजळीत घातले. एक निळा मणी मात्र उतारानं चालत गेला, चालतच गेला, आणि बसच्या चाकाखाली दिसेनासा झाला. सेकेसाई त्याच्याकडं बघत राहिली. कमर एकदम उघडी पडल्यासारखी वाटत होती. कपडे होते अंगावर. तरी.

आता घरी जायला हवं होतं. घरी म्हणजे तिची खोली, एक पलंग, एक शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांचे कापलेले तुकडे. पण ती बसथांब्याच्या बाकावर बसून राहिली, एका हातात आपले जुने मणी आणि दुसऱ्या हातात चेंगेताईचे नवे. चेंगेताई तिच्या भावाची थोरली मुलगी. लग्न शनिवारवर आलं होतं. “तू तिची आत्या,” भाऊ म्हणाला होता, “तुझ्याशिवाय कोण सांगणार तिला? तिची आई सांगू शकत नाही, मी तर नाहीच नाही.” खरं होतं. हे सांगणं आत्याचं. पांढरे मणी कधी टांगायचे, तांबडे कधी टांगायचे, नवऱ्याच्या अंगावरून ओला कपडा कसा फिरवायचा, त्यानं हाक मारली की कसं उठायचं. आणि सगळ्यांच्या आधी ते पहिलं वाक्य. आत्यानं तिला दिलेलं. आत्याला तिच्या आत्यानं. ते वाक्य सेकेसाईच्या तोंडात खड्यासारखं बसलं होतं, चावता येईना, थुंकता येईना. कारण तेच वाक्य पाळून ती आजारी पडली होती, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. भावाला नाही. मुलाला नाही. संध्याकाळी ती दार लावून गोळी घ्यायची. बाटलीवरचं लेबल तिनं पाण्यात भिजवून काढून टाकलं होतं, आणि आत गोळ्या वाजू नयेत म्हणून कापूस कोंबला होता. पिशवीत बाटली असली तरी बसमध्ये कुणाला कळत नसे. इतकी मुकी बाटली.

मुकं राहायला शिकवावं लागत नाही, ते अंगात उतरतं. लहानपणी आत्या कांडायला बसली की गायची, आणि मुसळाच्या ठोक्याला ठोका लागायचा—

कांडते नाचणी, कोंडा जाई वाऱ्यावरी
दाणा राही खाली, तैसी राहीन मी घरी

सेकेसाईला ते गाणं फार आवडायचं. वाऱ्यावर जाणारा कोंडा किती हलका, किती बेभरवशाचा. आणि उखळीच्या तळाशी राहिलेला दाणा कसा शहाणा, घट्ट. लग्न होऊन ती शहरात आली, नवऱ्याच्या, ग्विन्याईच्या दोन खोल्यांत, तेव्हा नळाखाली पातेलं घासतानाही ती ते गुणगुणायची. दाणा खाली राहतो खरा. मुसळ पडतं तेही त्याच्यावरच, हे गाण्यात नव्हतं.

ग्विन्याई वाईट नव्हता. हे तिला स्वतःलाच वारंवार सांगावं लागे, आणि ते खोटंही नव्हतं. तो रस्ते बांधणाऱ्या टोळीत रोलर चालवायचा. महिना-महिना राहुटीत, आज इकडं, उद्या सीमेजवळ. घरी आला की डांबराचा वास घेऊन यायचा, तिच्यासाठी वाटेतल्या बायकांकडून जंगली फळं आणायचा, मुलाला खांद्यावर घेऊन सबंध गल्ली फिरवायचा. राहुटीजवळ कोण बायका येतात ते कुणी विचारत नसे. “पुरुष आहे तो, दगड नाही,” वन्सं एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या होत्या, “भूक लागली की बाहेर खाईल. तू घरची चूल विझू देऊ नकोस म्हणजे झालं.” सेकेसाईनं चूल विझू दिली नाही. भिंतीला पलंगाच्या उशाशी खिळा होता. त्या खिळ्याला तिचे दिवस टांगलेले असायचे. पांढरी माळ असली की तो दिवा मालवायचा. तांबडी असली की कूस बदलून झोपायचा, एक अक्षर न बोलता. लाज राखणारी केवढी सुंदर रीत, असं तिला वाटायचं. तोंडानं बोलावं लागत नाही. मणी बोलतात.

मग त्या हिवाळ्यात तो घरी आला आणि त्याच्या कमरेला नागीण उठली. डाव्या बाजूनं पाठीकडून पोटाकडं, पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा. बरोबर तिथं, जिथं तिच्या कमरेला माळ होती. ती कोरफडीचा गर लावायची आणि तो दात-ओठ खात उशीत तोंड खुपसायचा. गल्लीतल्या बायकांनी औषधं सांगितली आणि जाताना एकमेकींकडं बघितलं. ते बघणं सेकेसाईला कळलं. त्याच्या टोळीतल्या एकाला अशीच नागीण उठली होती, आणि वर्षभरात तो गेला, आणि मागोमाग त्याची बायको. मुलाला लस टोचायला ती दवाखान्यात गेली तेव्हा नर्सबाईंना तिनं विचारलं, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं. नर्सबाई फसल्या नाहीत. “त्यांना तपासायला घेऊन ये,” त्या हळूच म्हणाल्या, “तुझंही करू. आणि तोवर हे वापरा.” हातात चौकोनी पाकीट ठेवलं. खेळण्यातल्या रुपेरी कागदासारखं चमकत होतं ते.

ते तिनं उशीवर ठेवलं. बोलायचं धाडस नव्हतं. ग्विन्याईनं ते उचललं, दिव्याजवळ नेलं, आधी हसला. “हे कुणाचं?”

“दवाखान्यातलं.”

“माझ्या घरात? माझ्या पलंगावर?” हसणं विझलं. “कुणी शिकवलं तुला? थांब्यावर उभी राहतेस का तू आता? अगं, तुला आणायला तुझ्या बापाच्या दारात मी गाई बांधल्यात. बायकोकडं जायला मला हे चढवावं लागणार?”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या आवाजात लहान मुलासारखं काहीतरी दुखावलं होतं, आणि तिला खरोखर शरम वाटली. जणू तिनंच काहीतरी घाण घरात आणली होती. ते पाकीट तिनं चुलीत टाकलं. रबराचा वास बराच वेळ घरात होता. आणि दुसऱ्या दिवशी, पाळी नसताना, तिनं खिळ्याला तांबडी माळ टांगली.

आयुष्यातलं तिचं पहिलं खोटं. तेही तिनं बोलून केलं नाही. आठवडा गेला, तांबडी. पुढचा गेला, तांबडी. चंद्र भरला आणि ओसरला. ग्विन्याई खिळ्याकडं बघायचा, कूस बदलायचा. अंधारात दोघंही जागी असायची आणि दोघांनाही ते ठाऊक असायचं. ती मनातल्या मनात त्याला म्हणायची, विचार ना. एकदा विचार, का म्हणून. विचारलंस तर सांगेन. त्यानं विचारलं नाही. बायकोला असं विचारायचं नसतं. त्यानं रीतसर मुरेव्याला निरोप धाडला.

आत्या सकाळच्या बसनं आली. पाठीशी शेंगदाण्यांचं पोतं, काखेत पाय बांधलेली कोंबडी. सेकेसाईनं गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवून नमस्कार केला. आत्यानंही केला, सगळ्यांची खुशाली विचारली, आंबील प्यायली, वाडगं पुसून खाली ठेवलं. मग झोपायच्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली. बराच वेळ खिळ्याकडं बघत राहिली. “किती दिवस झाले गं?” तिनं विचारलं. सेकेसाईनं चादरीची सुरकुती सरळ केली. “दवाखान्यात काही सांगितलंय का तुझ्या पोटाबद्दल?” नाही. “मग?” सेकेसाईच्या घशाशी सगळं आलं होतं: नागीण, नर्सबाई, टोळीतला तो मेलेला माणूस, त्याची बायको. आलं, आणि दातांपाशी थांबलं. आत्या उठली. तिचे हात खरबरीत, मायेचे, त्यांनीच सेकेसाईला न्हाऊ घातलेलं. त्या हातांनी तांबडी माळ खिळ्यावरून उतरवली, नीट गुंडाळली, पेटीत ठेवली, आणि पांढरी काढून टांगली. मणी भिंतीवर आपटून बारीक आवाज झाला. “तुला मी शिकवलंय,” आत्या म्हणाली, “तू माहेरी परत आलीस तर लोक मला विचारतील. शहाणी ना माझी बाई?” दिवेलागणीला तिनं सेकेसाईचे पाय तेलानं चोळून दिले, आणि बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायला गेली. सेकेसाईनं दिवा विझवला.

ग्विन्याई गेला तेव्हा घरच्यांनी न्यूमोनिया म्हटलं, आणि तिनंही तेच म्हटलं. वर्षानं विधी झाला. अंगणात दीर ओळीनं बसले होते, नव्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. तिच्या हातात पाण्याचं वाडगं दिलं. ज्याच्यापुढं ती वाडगं ठेवील, तो तिचं घर सांभाळणार. धाकटा दीर तापेरा तिच्याकडं बघत नव्हता, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याची बायको चुलीपाशी उभी होती, पोटुशी. पाणी हिंदकळत होतं. सेकेसाई एकेका दिरापुढून चालत गेली. थांबली नाही. शेवटी तिनं ते वाडगं वन्संच्या हातात दिलं, म्हणजे नकोच कुणी. मग बायकांनी आरोळी ठोकली, टाळ्या पिटल्या. “बायको असावी तर अशी! अजून त्याचीच आहे बघा!” वन्संनी तिला मिठी मारली, रडल्या. तापेरा पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोनं मात्र त्या संध्याकाळी तिच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला. सगळ्यांना सेकेसाईची निष्ठा दिसली. पिशवीतली बाटली तेव्हाही मुकी होती.

बस आली, भरली, गेली. ती बाकावर तशीच. तेव्हा तिनं तापेराच्या घराला वाचवलं होतं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. चालत पुढं गेलं की झालं. उद्या चालत पुढं जाता येणार नाही. उद्या चेंगेताई चटईवर बसलेली असेल, आणि सेकेसाईला तोंड उघडावं लागेल. पहिलं वाक्य म्हटलं, तर पोर तो शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून आत जाईल. तिचा होणारा नवरा गारिकाई काडोमाच्या सोन्याच्या खाणीवर असतो, महिन्यातून एकदा घरी येणार. चांगला आहे. ग्विन्याईही चांगला होता.

दुसऱ्या दिवशी भावाच्या अंगणात तीन दगडांवर मोठी पातेली चढली होती, बायका लाकडी उलथण्यांनी मक्याच्या पिठाचा साद्झा घोटत होत्या, आणि कुणाची तरी सासू कुणाच्या तरी जावयावरून सगळ्यांना हसवत होती. मागच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. आत मुरेव्याची आत्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. डोळ्यांत दूध सांडल्यासारखं झालं होतं तिच्या; आता फक्त उजेड-अंधार कळायचा. पण आणायलाच हवी, तिच्यासमोर व्हायला हवं, असं सगळ्यांचं म्हणणं. चेंगेताई चटईवर, छातीभोवती कापड गुंडाळून, नखं रंगवलेली. ती शहरात मोबाइलच्या दुकानात काम करते.

“आत्या, अगं गारिकाई हे मणी बघून पोट धरून हसेल.”

“हसू दे,” म्हातारी म्हणाली. “दिवा मालवला की किती हसतो ते मी बघते.”

“तू बघणार, आजी? तू पण येणारेस?”

“मला दिसत नाही म्हणून बोलावलं तरी चालेल!”

तिघीही हसल्या. सेकेसाईनं नवी माळ हातात घेतली, पोरीच्या कमरेभोवती नेली. कातडी किती तुकतुकीत, किती गार. दोरा तसाच सैल धरून तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या घशातून आत्याचा आवाज बाहेर आला. अगदी तोच. “‘नाही’ हा शब्द वहाणांसारखा—”

थांबला.

“उंबऱ्याबाहेर,” म्हातारीनं पुरवलं. “म्हण की. विसरलीस?”

“नाही.”

“मग म्हण.”

“नाही, आत्या.”

बाहेर कुणीतरी उलथणं पातेल्याच्या काठावर आपटलं. सेकेसाईनं माळ पोरीच्या कमरेवरून काढून घेतली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मग पिशवीतून दुसरी, तांबडी माळ काढून वर ठेवली. “गाठ मी आज मारणार नाही. आधी तुम्ही दोघं दवाखान्यात जा, तपासून घ्या. दोघं. मग बांधू. आणि हे तांबडे... हे पाळी असताना टांगायचे. आणि भीती वाटेल तेव्हाही टांगायचे.”

“असं नाही सांगत,” म्हातारी म्हणाली. तिचे पाय आपोआप जवळ ओढले गेले. “असं मी तुला कधी सांगितलं? काय शिकवतेस तिला?”

“टांगले तर गारिकाई तुलाच बोलावून घेईल, आत्या,” चेंगेताई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

“घेईल. मी येईन. सकाळच्या बसनं येईन, कोंबडी घेऊन. तुझ्याजवळ बसेन. पण उतरवायला येणार नाही.”

“मी तुझं घर वाचवायला आले होते,” म्हातारीचा आवाज एकदम पातळ झाला.

“हो आत्या. घर वाचलं.”

चेंगेताई एकीकडून दुसरीकडं बघत होती. “भीती कसली?” तिनं विचारलं. “आत्या, तुला कसली भीती वाटली होती?”

सेकेसाईनं पिशवीत हात घातला. बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि दोन बोटांनी आतला कापूस ओढला. तो दाबून दाबून घट्ट बसला होता, तुकड्या-तुकड्यानं निघाला. तिनं झाकण लावलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाटली हलवली.

खोलीत बारीक, कोरडा आवाज झाला.

म्हातारीनं मान वळवली. “कसले गं मणी हे?”

“मणी नाहीत, आत्या. माझ्या गोळ्या आहेत.” सेकेसाईला आपला आवाज ऐकू येत होता, आणि तो तिचाच होता. “ह्यांना तो आजार होता. मला संशय होता, म्हणून तांबडे टांगले होते. तुम्ही उतरवलेत, मी दिवा विझवला. त्या रात्री म्हणा, नाहीतर नंतरच्या एखाद्या रात्री, तो मला झाला. मला आहे, आत्या. चेंगे, ऐकतेस ना? मला आहे.”